सगळ्या भूमिका एकट्याच्या : एन. टी. रामाराव यांचे चित्रपट आणि राजकारण

१

सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथून पंढरपूर सत्तर किलोमीटरच्या आसपास. पुंडलिकाची गोष्ट या मुलखात दोन वाटांनी पोचते. एक वारीची वाट, ती सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी वाट तेलुगू पडद्याची, आणि तिची मराठी वाचकाला फारशी ओळख नाही.

१९५७ साली ‘पांडुरंग माहात्म्यम्’ हा तेलुगू चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते कमलाकर कामेश्वर राव. पांडुरंगाचे माहात्म्य तेलुगूला नवे नव्हते. सोळाव्या शतकात तेनाली रामकृष्णाने या विषयावर प्रबंधकाव्य रचले होते. चित्रपटातला पुंडलिक, म्हणजे तेलुगूतला पुंडरीक, साकारला नंदमुरी तारक रामाराव यांनी. नायकिणीच्या नादी लागून घर उधळणारा, आईबापांना छळणारा, पाय गमावल्यावर भानावर येणारा आणि शेवटी त्यांच्या सेवेत रमलेला असताना दारी आलेल्या देवालाही उभे करून ठेवणारा मुलगा. चित्रपट रामाराव यांच्या घरच्याच ‘नॅशनल आर्ट थिएटर’ या संस्थेचा होता आणि निर्माते होते त्यांचे धाकटे भाऊ त्रिविक्रम राव.

याच वर्षी, काही महिने आधी, ‘मायाबझार’ आला होता. त्यात रामाराव कृष्ण झाले होते आणि तो कृष्ण पुढे घरोघरच्या भिंतींवर गेला. म्हणजे एकाच वर्षात तेलुगू प्रेक्षकाने एकाच नटाला देव म्हणूनही पाहिले आणि आईबापांना छळणारा पापी म्हणूनही. मात्र पंचवीस वर्षांनी, जानेवारी १९८३ मध्ये, हाच नट आंध्र प्रदेशाचा मुख्यमंत्री झाला तेव्हा देशभरातल्या विश्लेषकांना त्यातला फक्त कृष्ण आठवला. आंध्रच्या भोळ्या जनतेने पडद्यावरच्या देवाला मत दिले, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडेही तो जसाच्या तसा स्वीकारला गेला आणि आजही रामारावांचा विषय निघाला की तोच ऐकू येतो.

हा निष्कर्ष मला आळशीपणाचा वाटतो. त्यात मतदाराचा अपमान आहे आणि चित्रपटांचे वाचनही नीट नाही. रामारावांच्या राजकारणाचे मूळ शोधायचे तर त्यांच्या देवत्वापेक्षा त्यांच्या निर्मातेपणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, असे या लेखात मांडायचे आहे. ज्या गुणाने त्यांना सत्तेवर नेले त्याच गुणाने त्यांचा पक्ष त्यांच्या हातून गेला, आणि तो गुण त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रपटांत आधीपासून स्पष्ट दिसतो.

२

देवाच्या स्पष्टीकरणात तथ्य अजिबात नाही असे नाही. १९६० च्या ‘श्री वेंकटेश्वर माहात्म्यम्’ नंतर तिरुपतीला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बसगाड्या परतीच्या वाटेवर मद्रासला वळत आणि लोक रामारावांच्या घरासमोर दर्शनासाठी उभे राहत, हे अनेकांनी नोंदवले आहे. राम, कृष्ण, वेंकटेश्वर या भूमिकांनी त्यांना जी प्रतिष्ठा दिली ती दुसऱ्या कोणत्याही तेलुगू नटाला मिळाली नाही.

पण दर्शन घेणे वेगळे आणि मत देणे वेगळे. आपल्याकडे बालगंधर्वांच्या रुक्मिणीवर महाराष्ट्राने जीव ओवाळला; म्हणून कुणी त्यांच्याकडे राज्य सोपवायला गेले नाही. शिवाय तारखा पाहिल्या तर देवांचा भर जुन्या काळातला आहे. १९८३ मध्ये पहिल्यांदा मत देणारा एकवीस वर्षांचा तरुण ‘मायाबझार’च्या वेळी जन्मलाही नव्हता. (मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते.) त्याने थिएटरात पाहिलेले रामाराव वेगळे होते. ‘अडवी रामुडु’ (१९७७) मधला जंगलातल्या लुटारूंशी लढणारा, ‘सरदार पापारायुडु’ (१९८०) मधला स्वातंत्र्यसैनिक, ‘कोंडवीटी सिंहम्’ (१९८१) मधला पोलीस अधिकारी, ‘जस्टिस चौधरी’ (१९८२) मधला न्यायाधीश आणि ‘बोब्बिली पुली’ (१९८२) मधला, कायदा हाती घेऊन शेवटी न्यायालयातच व्यवस्थेला जाब विचारणारा लष्करी अधिकारी. या चित्रपटांची जुळणी ढोबळ आहे, संवाद लांबलचक आहेत आणि साठीला टेकलेल्या नायकासमोर मुलीच्या वयाच्या नायिका आहेत. तरी त्यांत एक सूत्र सलग दिसते. व्यवस्था सडली आहे, आतल्या माणसांकडून ती सुधारणार नाही, आणि अधिकाराची वर्दी घातलेला एकटा माणूस तिला ताळ्यावर आणील.

मार्च १९८२ मध्ये पक्ष काढल्यावर रामाराव प्रचाराला निघाले ते जुन्या शेवरोले गाडीचा ‘चैतन्य रथ’ करून. गाडीला रथ हे नाव पुराणातून आले, पण तिच्या टपावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगात खाकी कपडे होते. पितांबर आणि मोरपीस कुठे नव्हते. भगवी वस्त्रे आली ती सत्ता मिळाल्यानंतर. लोकांना काय दाखवायचे याची अचूक जाण असलेल्या माणसाने प्रचारासाठी कोणता पोशाख निवडला, हा पुरावा मला पुष्कळ बोलका वाटतो.

अभ्यासकांनीही या प्रश्नाची उकल एकाच दिशेने केलेली नाही. एम. एस. एस. पांडियन यांनी ‘द इमेज ट्रॅप’ (१९९२) या पुस्तकात एम. जी. रामचंद्रन यांच्या प्रतिमेची फोड केली. माधव प्रसाद यांनी ‘सिने-पॉलिटिक्स’ (२०१४) मध्ये रामचंद्रन, रामाराव आणि कन्नड नट राजकुमार यांना एकत्र ठेवून भाषिक समूह आणि त्याचा पडद्यावरचा नायक यांचे नाते तपासले. एस. व्ही. श्रीनिवास यांनी तेलुगू चित्रपटाच्या सामाजिक इतिहासातून रामारावांचे राजकारण वाचले. या लेखनामुळे ‘भोळी जनता’ हा शब्दप्रयोग निदान अभ्यासकांच्या लेखी तरी बाद झाला आहे. मला त्यात भर घालायची आहे ती निर्मात्याच्या बाजूने.

३

रामारावांचा जन्म १९२३ चा, कृष्णा जिल्ह्यातल्या निम्मकुरू गावचा. सब-रजिस्ट्रारची सरकारी नोकरी सोडून ते मद्रासला गेले आणि १९४९ च्या ‘मन देशम्’ मध्ये पोलीस इन्स्पेक्टरच्या छोट्या भूमिकेत दिसले. १९५१ च्या ‘पाताळ भैरवी’ने त्यांना नायक केले. नायक होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५३ मध्ये, त्यांनी स्वतःच्या संस्थेतर्फे ‘पिच्ची पुल्लय्या’ काढला. तिशीतल्या नटाला विजया प्रॉडक्शन्ससारखी मातबर संस्था हाताशी असताना स्वतःचे भांडवल घालण्याची गरज का वाटावी?

उत्तर त्यांच्या घरच्या चित्रपटांच्या यादीतच मिळते. दुसऱ्यांच्या संस्थांनी रामारावांना देव केले. स्वतःच्या पैशाने त्यांनी बहुतेक वेळा पापी माणसे उभी केली. ‘पांडुरंग माहात्म्यम्’ मध्ये ते पुंडलिक. १९६१ च्या ‘सीताराम कल्याणम्’ या त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात राम दुसऱ्या नटाला देऊन ते रावण झाले. १९६६ च्या ‘श्रीकृष्ण पांडवीयम्’ मध्ये कृष्ण आणि दुर्योधन दोन्ही तेच. पुढे १९७९ मध्ये ते घरच्याच चित्रपटात वेंकटेश्वरही झाले, तेव्हा हा नियम काटेकोर नाही. पण कल कुठे होता ते उघड आहे. रावण आणि दुर्योधन यांच्या बाजूनेही काही म्हणणे आहे आणि ते आपणच नीट मांडू शकतो, असा त्यांचा विश्वास होता.

इथे रामचंद्रन यांच्याशी असलेला फरक लक्षात घ्यायला हवा. तेही निर्माते होते. ‘नाडोडी मन्नन’ (१९५८) त्यांनीच काढला आणि दिग्दर्शित केला. पण त्यांनी पडद्यावर आपली प्रतिमा कटाक्षाने निर्मळ ठेवली. दारू नाही, दुष्टपणा नाही, आईचा शब्द खाली पडू देणे नाही. त्यांच्या पाठीशी द्रमुकची शिस्तबद्ध संघटना वीस वर्षे होती, गावोगाव चाहत्यांची मंडळे होती, आणि १९७२ मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला तेव्हा त्यातली पुष्कळशी माणसे त्यांच्याबरोबर आली. रामारावांकडे असले काही नव्हते. त्यांच्यामागे वीस वर्षांचा पक्ष नव्हता, तीस वर्षांची संस्था होती. २९ मार्च १९८२ ला ‘तेलुगू देशम’ची स्थापना झाली आणि ५ जानेवारी १९८३ ला मतदान. हा अवधी नऊ महिन्यांचा. एवढ्या वेळात पक्ष उभा करणे कोणत्याही कार्यकर्त्याला अशक्य वाटेल. निर्मात्याला तसे वाटत नाही. विषय निवडायचा, माणसे गोळा करायची, तारीख जाहीर करायची आणि त्या तारखेला चित्रपट लावून दाखवायचा, हे त्याचे रोजचे काम असते.

या कामाचा कळस १९७७ च्या संक्रांतीला दिसला. ‘दान वीर शूर कर्ण’ या चित्रपटाचे निर्माते रामाराव, दिग्दर्शक रामाराव, आणि त्यात कर्ण, दुर्योधन व कृष्ण या तिन्ही भूमिकांत रामाराव. मद्रासवर अवलंबून न राहता हैदराबादला स्वतःचा स्टुडिओ उभारून त्यांनी तो काढला. कृष्णा या दुसऱ्या लोकप्रिय नटाचा ‘कुरुक्षेत्रम्’ त्याच दिवशी लागणार होता, म्हणून काम विलक्षण वेगाने उरकले. पावणेचार तासांच्या आसपासचा हा चित्रपट प्रचंड चालला.

त्यातला शस्त्रपरीक्षेचा प्रसंग तेलुगू माणसाला तोंडपाठ आहे. कर्णाला कुळ विचारले जाते आणि दुर्योधन उसळून उठतो. ही परीक्षा शौर्याची आहे की जातीची, असा त्याचा सवाल आहे. मग तो भरसभेत एकेका थोर पुरुषाचा जन्म काढतो आणि कुळाचा अभिमान धरायला इथे कुणालाच जागा नाही हे दाखवून देतो. कोंडवीटी वेंकटकवी यांनी लिहिलेले हे भाषण संस्कृतप्रचुर, लांब पल्ल्याचे आहे. ते रामारावांनी एका दमात म्हटल्यासारखे वाटते. मराठी वाचकाला शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाचे दुःख जवळचे केले आहे. सावंतांचा कर्ण आपले दुःख स्वतः सांगतो. रामारावांच्या चित्रपटात ते दुसऱ्याच्या तोंडून येते आणि तो दुसरा राजा आहे. अन्याय झालेल्याला स्वतः बोलावे लागत नाही. त्याच्या वतीने बोलणारा, त्याला तिथल्या तिथे राज्य देणारा धनी हजर आहे.

आता या प्रसंगाची रचना पाहा. दुर्योधन रामाराव, कर्णही रामाराव. एक रामाराव दुसऱ्या रामारावाला अंगदेशाचे राज्य देतो आणि पुढे तिसरा रामाराव, कृष्ण होऊन, त्या दुसऱ्याच्या मरणाची व्यवस्था करतो. दाता तेच, याचक तेच, न्याय करणारेही तेच. प्रेक्षकाला यात अडचण वाटत नाही, कारण आवाज आणि अंगविक्षेप यांतून तिघे वेगळे ठेवण्याइतके ते कसबी नट होते. पण राज्यकारभाराचे चित्र म्हणून त्याकडे पाहिले की मन थबकते. अशा राज्यात दुसऱ्या माणसासाठी कोणती भूमिका उरते?

४

चित्रपट तयार असला तरी प्रेक्षक थिएटरात येण्याला कारण लागते. ते कारण दिल्लीने पुरवले. १९७८ ते १९८३ या एकाच विधानसभेच्या काळात काँग्रेसने आंध्रला चार मुख्यमंत्री दिले. चेन्ना रेड्डी, टी. अंजय्या, भवनम वेंकटराम आणि कोटला विजयभास्कर रेड्डी. फेब्रुवारी १९८२ मध्ये बेगमपेट विमानतळावर राजीव गांधींनी मुख्यमंत्री अंजय्यांना सर्वांदेखत झापल्याची बातमी राज्यभर झाली. रामारावांनी शब्द उचलला ‘आत्मगौरव’. रामोजी राव यांच्या ‘ईनाडू’ने तो दररोज गावागावांत पोचवला. नट, वर्तमानपत्र आणि अपमान असा तिहेरी योग जुळून आला. २९४ जागांच्या विधानसभेत नव्या पक्षाला दोनशेहून अधिक जागा मिळाल्या. ९ जानेवारी १९८३ रोजी हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर लोकांच्या गर्दीसमोर शपथविधी झाला.

मराठी वाचकाने इथे स्वतःकडे वळून पाहायला हरकत नाही. तोच अपमान त्याच सुमारास महाराष्ट्राच्याही वाट्याला आला होता. जानेवारी १९८२ मध्ये अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले. फेब्रुवारी १९८३ मध्ये भोसले गेले, वसंतदादा आले. ही नावे दिल्लीतून ठरत होती हे कुणापासून लपलेले नव्हते. मग इथे चैतन्य रथ का निघाला नाही?

एक उत्तर असे की मराठी अस्मितेचे राजकारण छापील शब्दावर, व्यासपीठावर आणि डफावर उभे राहिले होते. आचार्य अत्रे हे ‘श्यामची आई’चे निर्माते-दिग्दर्शक. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ते संयुक्त महाराष्ट्राचे पुढारी झाले आणि विधानसभेतही गेले. पण लोकांनी त्यांना ऐकले ते ‘मराठा’मधल्या अग्रलेखांमुळे आणि शिवाजी पार्कवरच्या भाषणांमुळे. त्यांच्यासोबत शाहीर होते. पुढे शिवसेना निघाली ती एका व्यंगचित्रकाराच्या साप्ताहिकातून. पडद्यावर मुंबईतच हिंदी चित्रपटाचे राज्य असल्यामुळे मराठी मनाचा नायक मराठी पडद्यावर कधी एकटा उरला नाही. तो दिलीपकुमार, राजेश खन्ना, अमिताभ यांच्यात वाटला गेला. दादा कोंडके यांच्या बाबतीत काही शक्यता होती. तेही नट-निर्माते, आणि खेड्यापाड्यांतला त्यांचा प्रेक्षक पक्का. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’साठी दादरच्या ‘कोहिनूर’वर शिवसेना उभी राहिली आणि कोंडके पुढे सेनेच्या सभा गाजवू लागले. पण ते दुसऱ्याच्या व्यासपीठावरचे वक्ते राहिले. दुसरे कारण साखर कारखाना, जिल्हा बँक, पंचायत यांच्या जाळ्याचे. गावातला असंतोष मुरवून घेण्याची सोय सत्तेतल्या पक्षातच होती, म्हणून दिल्लीवरचा राग मतपेटीपर्यंत आला तरी त्यातून नवा पक्ष उभा राहिला नाही.

आणखी एक तुलना कर्नाटकाची. त्याच १९८२ मध्ये राजकुमार कन्नड भाषेसाठी गोकाक चळवळीत उतरले. राज्यभर माणसांचा पूर आला. पण राजकुमारांनी पक्ष काढला नाही, निवडणूक लढवली नाही. नटाची लोकप्रियता आपोआप मतांत उतरते असे मानणाऱ्यांनी राजकुमार आठवावेत. आणि ती उतरवायची ठरवली तरी उतरेलच असे नाही, यासाठी चिरंजीवी आठवावेत. २००८ मध्ये त्यांनी ‘प्रजा राज्यम’ काढला, २००९ मध्ये २९४ पैकी अठरा जागा मिळाल्या आणि २०११ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. लोकप्रियतेत ते रामारावांहून उणे नव्हते. त्यांच्यापाशी १९८२ चा अपमान नव्हता आणि सगळे एकहाती चालवण्याची तीस वर्षांची सवयही नव्हती.

५

राज्यकर्ता म्हणून रामारावांचे मोजमाप करताना टिंगलीचा सूर सोपा जातो. भगवे कपडे, बोलण्यातला नाटकीपणा, एका रात्रीत घेतलेले निर्णय. पण निर्णयांची यादी पाहिली तर टिंगल थांबते. दोन रुपये किलो तांदूळ हे गरिबाच्या ताटापर्यंत पोचलेले वचन होते. १९८४ मध्ये त्यांनी गावोगावची वंशपरंपरागत करणम-मुनसब आणि पटेल-पटवारी ही पदे रद्द केली. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्णी वतनांशी परिचय असलेल्याला या एका निर्णयाने गावातले किती जुने दडपण उठले असेल हे सांगायला नको. तालुक्यांऐवजी लहान मंडले आली आणि सरकारी कचेरी खेड्याच्या जवळ सरकली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती आंध्रात १९८६ मध्ये झाली आणि सप्टेंबर १९८५ पासून लागू धरली गेली. महाराष्ट्राला तीच गोष्ट करायला १९९४ उजाडले आणि देशाला २००५.

याच्याच जोडीला दुसरी यादी आहे. सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय एका फटक्यात ५८ वरून ५५ केले. पुढे ते फिरवावे लागले. १९८५ मध्ये विधान परिषदच बरखास्त करवली. फेब्रुवारी १९८९ मध्ये एका दिवशी सगळ्या मंत्रिमंडळाला घरी पाठवले. चांगल्या आणि वाईट निर्णयांची पद्धत एकच आहे. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शकाने एखादे दृश्य काढून टाकावे, नटसंच बदलावा, तशी ती पद्धत आहे. सेटवर तिला कार्यक्षमता म्हणतात.

या पद्धतीत काय बसत नव्हते ते जुलै १९८५ मध्ये प्रकाशम जिल्ह्यातल्या कारमचेडू गावाने दाखवले. रामाराव ज्या कम्मा शेतकरी जातीतून आले त्याच जातीच्या जमीनदारांनी तिथल्या माडिगा वस्तीवर हल्ला केला. दलित पुरुषांना ठार मारले, स्त्रियांवर अत्याचार केले. चारच महिने आधी राज्यात दुसऱ्या विजयाचा उत्सव चालू होता. भर सभेत कुळाचा अभिमान पायदळी तुडवणारा दुर्योधन ज्यांनी थिएटरात टाळ्या वाजवून पाहिला, त्यांनी आता मुख्यमंत्र्याकडे पाहिले. त्या भाषणाच्या तोडीचे काही त्यांना मिळाले नाही. मिळाली ती दलितांनी स्वतः उभी केलेली चळवळ. कारमचेडूनंतर आंध्रात दलित महासभा निघाली आणि कत्ती पद्माराव यांच्यासारखे नेते पुढे आले.

मला इथे रामारावांवर ढोंगाचा आरोप करायचा नाही. दुर्योधनाचे भाषण त्यांनी मनापासून केले असे चित्रपट पाहताना जाणवते. अडचण त्या प्रसंगाच्या रचनेत आहे. त्यात कर्ण बोलत नाही. त्याच्या वतीने राजा बोलतो आणि राजा प्रसन्न झाला म्हणून त्याला राज्य मिळते. कारमचेडूच्या माणसांना राजाची प्रसन्नता नको होती. त्यांना कायद्याने चालणारे पोलीस ठाणे हवे होते. धन्याच्या उदारपणावर लिहिलेल्या संहितेत पोलीस ठाण्याचे पात्र नसते. नायक स्वतःच पोलीस असतो.

६

एकहाती चाललेला पक्ष दोनदा फुटला. दोन्ही वेळचे दृश्य जवळजवळ सारखे होते, शेवट मात्र उलट झाला.

ऑगस्ट १९८४ मध्ये रामाराव अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया करून परतले होते. पक्षातले दुसऱ्या क्रमांकाचे नेते नादेंडला भास्कर राव यांनी बहुमत आपल्याकडे असल्याचे सांगितले आणि राज्यपाल रामलाल यांनी रामारावांना बडतर्फ केले. त्यांनी आमदारांना बरोबर घेऊन दिल्ली गाठली आणि चाकाच्या खुर्चीतून राष्ट्रपतींपुढे बहुमत उभे केले. आमदार कर्नाटकात नेऊन सांभाळले गेले. देशभरातले विरोधी पक्ष धावून आले, आंध्रात रस्ते भरले. राज्यपाल बदलले आणि एक महिन्याने, १६ सप्टेंबरला, ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच डिसेंबरात देशभर सहानुभूतीची लाट असतानाही ‘तेलुगू देशम’ला लोकसभेत तीस जागा मिळाल्या आणि एक प्रादेशिक पक्ष तिथला सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला.

१९८९ मध्ये ते हरले. पडद्यानेही त्यांना सोडले नव्हते. १९८७ च्या ‘मंडलाधीशुडु’ मध्ये त्यांची उघड नक्कल होती. १९९१ मध्ये त्यांनी ‘ब्रह्मर्षि विश्वामित्र’ काढला, तो चालला नाही. मात्र नेल्लोर जिल्ह्यातल्या बायकांनी सुरू केलेल्या दारूविरोधी चळवळीची नस त्यांनी ओळखली, दारूबंदीचे वचन दिले आणि डिसेंबर १९९४ मध्ये पुन्हा दोनशेहून अधिक जागा घेऊन ते परतले. विजय आधीच्या दोन्हींइतकाच मोठा होता.

नऊ महिन्यांत सगळे संपले. ऑगस्ट १९९५ मध्ये जावई चंद्रबाबू नायडू यांच्यामागे बहुसंख्य आमदार हैदराबादच्या व्हाइसरॉय हॉटेलात जाऊन बसले. पत्नी लक्ष्मीपार्वती यांच्या पक्षातल्या वाढत्या दखलीचे कारण पुढे होते. रामाराव चैतन्य रथावर चढून हॉटेलापर्यंत गेले. तिथे त्यांच्या दिशेने चपला भिरकावल्या गेल्या. लोक रस्त्यावर आले नाहीत. ‘दान वीर शूर कर्ण’ मध्ये अर्जुनाची भूमिका करणारा आणि १९८२ मध्ये चैतन्य रथ चालवणारा त्यांचा मुलगा हरिकृष्ण पलीकडच्या बाजूला होता. रामारावांनी स्वतःला शहाजहान आणि जावयाला औरंगजेब म्हटले. १८ जानेवारी १९९६ ला त्यांचा मृत्यू झाला.

१९८४ मध्ये आलेले लोक १९९५ मध्ये का आले नाहीत? त्यांची लोकप्रियता ओसरली म्हणावे तर आठच महिन्यांपूर्वी याच लोकांनी त्यांना भरभरून मते दिली होती. मला वाटते, १९८४ च्या गोष्टीत लोकांना भूमिका होती. दिल्लीने तेलुगू माणसाचे मत पायदळी तुडवले होते आणि ते परत मिळवणे हे त्यांचे स्वतःचे काम होते. १९९५ ची गोष्ट सासरा, जावई, मुलगा आणि दुसरी बायको यांची होती. बॅनर कुणाच्या मालकीचे हा वाद. अशा वादात प्रेक्षक काही करू शकत नाही. तो पुढच्या चित्रपटाची वाट पाहतो. पक्षात शाखा, निवडणुका, ठराव, मतभेद मांडायची जागा असती तर हा वाद तिथे लढला गेला असता आणि सदस्यांना त्यात बोलता आले असते. तेरा वर्षांत ती जागा तयारच झाली नव्हती. चंद्रबाबूंनी मालकी बदलली, पद्धत तशीच ठेवली. ‘तेलुगू देशम’चे नेतृत्व आजही त्याच घराभोवती फिरते. आणि २०२४ मध्ये नट पवन कल्याण यांच्या ‘जनसेना’ने लढवलेल्या सगळ्या, म्हणजे एकवीस, जागा जिंकल्या त्या याच पक्षाशी युती करून, २०१९ मध्ये हेच पवन कल्याण दोन मतदारसंघांतून उभे राहून दोन्हीकडे पडले होते.

म्हणून रामारावांकडे मतदाराच्या भोळेपणाचे उदाहरण म्हणून पाहणे थांबवावे. तेलुगू मतदाराने त्यांना तीनदा निवडले आणि एकदा पाडले. प्रत्येक वेळी त्याच्यापाशी सांगता येईल असे कारण होते. तपासायचे ते त्यांच्या पक्षाचे घडण. प्रतिमेची मालकी एकाच्या हाती असते तेव्हा काम वेगाने होते आणि कधी कधी फार मोलाचेही होते, याला मुलींच्या वारसाहक्काचा कायदा साक्ष आहे. पण त्या वेगात इतरांना बोलायला शिकवायचे राहून जाते. मग कारमचेडूला बोलायची वेळ येते तेव्हा पक्षात त्यासाठी कुणी नसते आणि व्हाइसरॉय हॉटेलाच्या दारात धन्यासाठी बोलायलाही कुणी उरत नाही. महाराष्ट्रात पडद्यावरून कुणी आले नसले तरी एका घराच्या, एका चेहऱ्याच्या मालकीचे पक्ष आपल्यालाही नवे नाहीत. ते फुटतात तेव्हा वाद चिन्हाचा आणि नावाचा होतो, आणि सामान्य सदस्य आपण कुणाचे हे ठरवण्यासाठी टीव्हीसमोर बसतो. तेलुगू माणसांनी तो खेळ १९९५ मध्ये पाहिला होता.

‘पांडुरंग माहात्म्यम्’ मी अलीकडे पुन्हा पाहिला. शेवटी देव दारी येतो आणि रामाराव आईबापांचे पाय सोडत नाहीत. देवाला थांबावे लागते. आपल्या गोष्टीत तो अजून थांबलेला आहे. चौतीस वर्षांचा तो निर्माता-नट तेव्हा देवाला बाहेर उभे करून आपल्या हातातल्या कामाला धरून होता, हे त्याला मत देणाऱ्यांनीही पाहिले असणार. देव दिसावा म्हणून त्यांनी त्याला मत दिले असे म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट एकदा शेवटपर्यंत पाहायला हवा.